व्हिडिओ गेममधील चलनचिन्हे (कायदेशीर बाजू)

व्हिडिओ गेममध्ये रुपया, डॉलर, युरो यांसारखी खऱ्या चलनांची चिन्हे दाखवताना पाळायचे कायदेशीर नियम. चिन्ह, नोटेचे चित्र आणि खरा पैसा यांना वेगवेगळे कायदे लागतात. नव्या गेमकारांची गफलत बहुधा इथेच होते.

₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. डी. उदय कुमार यांनी देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांच्या मेळातून ते रेखाटले. ते किंमत लिहिण्यासाठीच आहे. दुकानाच्या पाटीवर चालते, तसे गेममधल्या दुकानावरही चालते. फॉन्टचा परवाना मात्र वेगळा तपासावा.

नोटेचे तसे नाही. समजा, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगाव यात्रेचा जनावरांचा बाजार गेममध्ये उभा केला. रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो, पडद्यावर '₹ ८५,०००' उमटते. इथवर अडचण नाही. पुढे पाचशेच्या नोटांची हुबेहूब बंडले मोजताना दाखवली, की भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम १८२ आडवे येऊ शकते. चलनी नोटेशी कोणत्याही प्रकारे साम्य असलेला दस्तऐवज बनवणे किंवा वापरणे त्यात दंडनीय आहे. दंड ३०० रुपयांपर्यंतच असला, तरी संहितेच्या व्याख्येत डिजिटल नोंदही 'दस्तऐवज' ठरते, हे विसरू नये. शिवाय व्यापारी कामासाठी गांधीजींचे चित्र वापरण्यावर १९५० च्या, तर सिंहमुद्रेच्या वापरावर २००५ च्या कायद्याचे निर्बंध आहेत. त्यामुळे रंग, चित्र आणि बँकेचे नाव बदलून काल्पनिक नोट रेखाटणेच बरे.

खरी जोखीम पैशाच्या देवघेवीत आहे. ऑनलाइन गेमिंगविषयक २०२५ च्या कायद्यात, पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायचा गेम पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. गेम कौशल्याचा आहे, ही सबब तिथे चालत नाही. ₹ काढून 'नाणी' किंवा 'टोकन' लिहिल्यानेही सुटका नाही. ती पैशात बदलता येत असतील, तर तोही पैसाच. उलट, बाजारातल्या लुटुपुटूच्या ८५ हजारांना हा कायदा लागत नाही.

तरीही खेळातला पैसा आणि खरेदीची खरी किंमत दोन्हीकडे ₹ असेल, तर लहान मूल फसते आणि ग्राहकाची दिशाभूल केल्याची तक्रार होऊ शकते. मराठवाड्याला दोन रुपये वेगळे ओळखायची सवय जुनी आहे. निजामाच्या राज्यातला 'हाली' आणि ब्रिटिश भारताचा 'कलदार' शेजारी शेजारी चालत. सुमारे ७ हाली म्हणजे ६ कलदार. नावातच फरक असल्याने कोणता रुपया हे विचारावे लागत नसे. गेममधल्या पैशाला असेच वेगळे नाव द्यावे आणि ₹ फक्त खिशातून जाणाऱ्या रकमेसमोर लिहावा.