बंपरचा कलर उन्हानं उडत नाही

सोलापुरात मे महिना लागला की गाडीवाल्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं, "आपल्याकडचं ऊन लई बेक्कार, बंपरचा कलरच उडवला बघा." पेंटरही मान डोलावतो, कारण दोष उन्हाच्या माथी गेला की त्याचीही सुटका. पण जरा विचार करा, एकाच गाडीवर, एकाच पेंटरनं, एकाच डब्यातला रंग मारलाय, बॉनेटवर दुपारभर ऊन सरळ वरून पडतंय, बंपर तर उभा, त्याला ऊन तिरकं लागतं. तरी बॉनेट शाबूत आणि बंपरचे पापुद्रे. ऊनच गुन्हेगार असतं तर उलटं व्हायला पाहिजे होतं.

उन्हानं खरंच रंग खराब होतो, नाही असं नाही, पण त्याची खूण वेगळी. अतिनील किरणं वरच्या क्लिअरच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, रेणूंची साखळी तोडतात, आधी चमक जाते, मग पांढरट चट्टे येतात, मग क्लिअरचे कपचे उडतात, आणि खाली रंग तसाच दिसत राहतो. हे टपावर आणि बॉनेटवर आधी होतं. लोकल बंपरचं, म्हणजे कंपनीचा नसलेला, बाहेरून आणून रंगवलेल्या बंपरचं, तसं नसतं. खडी उडून कोपऱ्यात टिचभर रंग उडालेला असतो, वॉशिंग सेंटरवाल्यानं तिथंच प्रेशरचं पाणी मारलं की तळहाताएवढा तुकडा सगळ्या थरांसकट उचलून येतो. तो हातात घेऊन उलटा करून बघा. मागची बाजू गुळगुळीत, चकचकीत, प्लास्टिकचा एक कण चिकटलेला नाही, आणि बंपरवर उरलेला काळा भाग तर नव्यासारखा कोरा. म्हणजे रंग तिथं कधी धरलाच नव्हता, नुसता झाकून बसला होता.

असं का होतं ते सांगतो, मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. बंपरच्या आतल्या बाजूला ठसा असतो, 'पीपी प्लस ईपीडीएम टीडी २०' अशासारखा. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या खुर्च्या होतात आणि सिमेंटच्या गोण्या विणतात तेच, ईपीडीएम म्हणजे धक्का सोसायला घातलेलं रबर, टीडी २० म्हणजे २० टक्के टाल्कची पूड. १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या शिस्तीत जोडून दाखवल्या आणि १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्ल झिगलर यांच्यासोबत मिळालं. त्या साखळीत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. दोघांमध्ये इलेक्ट्रॉनची वाटणी जवळजवळ सारखी, त्यामुळं रेणूवर कुठंच जरा धन, जरा ऋण अशी टोकं तयार होत नाहीत. पत्र्याचं वेगळं असतं, त्याच्यावर ऑक्साइडचा बारीक थर असतो, त्यात ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट असतात, प्रायमरचे, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचे, रेणू त्यांना हायड्रोजन बंधानं धरून ठेवतात. पॉलिप्रॉपिलीनवर धरायला काही नाहीच. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे स्वतःला आखडून धरायची ओढ, ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा, म्हणजे त्याची थेंबाला पसरवून घ्यायची ओढ, ३० च्या आसपास, म्हणून कोऱ्या बंपरवर थेंब टाकला की पसरत नाही, गोळा होऊन बसतो. थिनरमधला रंग पाण्याइतका आखडत नाही, तो पसरतो, आणि इथंच फसगत होते, पसरला म्हणजे धरला असं वाटतं. पसरणं वेगळं, धरणं वेगळं.

पाणीपेपर मारून खरडलं की धरतो, असं बरेच जण म्हणतात. चरे पाडल्यानं थोडी मदत होते, पण मऊ प्लास्टिकवर त्यानं केसासारखी लव उठते आणि रसायन तेच राहतं. शिवाय साच्यातून बंपर सुटावा म्हणून लावलेलं रिलीज एजंट अंगावर असेल तर ते आधी साबणानं आणि मग क्लीनरनं काढावं लागतं, नाहीतर पेपर मारताना तेच चऱ्यांमध्ये भरलं जातं. अजून एक, नळाला पाणी नसलं की गॅरेजात पेपर मारायला बोअरचं पाणी वापरतात. ते वाळल्यावर मागं राहिलेले क्षार रंगाखाली अडकतात, पावसाळ्यात ओल ओढून घेतात आणि बारीक फोड येतात. शेवटचा हात चांगल्या पाण्याचा द्यायला काय लागतं?

यावर खरा उपाय म्हणजे अ‍ॅडहीजन प्रमोटर, गॅरेजात 'प्लास्टिक प्रायमर' म्हणून मागतात. त्यात क्लोरीन जोडलेलं पॉलिओलेफिन असतं, म्हणजे साखळी पॉलिप्रॉपिलीनच्याच जातीची पण तिच्यावर मधेमधे क्लोरीनचे अणू. त्यातलं द्रावक बंपरचा वरचा थर, खास करून रबराचा भाग, किंचित फुगवतं, प्रमोटरच्या साखळ्या आत शिरून प्लास्टिकच्या साखळ्यांत गुंततात, द्रावक उडून गेलं की अडकून बसतात. क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडं ओढतो, त्यामुळं जी टोकं पॉलिप्रॉपिलीनवर नव्हती ती आता तयार होतात आणि वरचा रंग त्यांना धरतो. एवढा पातळ पारदर्शक थर आणि सगळा बंपर त्याच्यावर तगून! जास्त मारला तर जास्त चांगलं असंही नाही, जाड थर स्वतःच्याच पोटातून फाटतो. मोठ्या कारखान्यांत याऐवजी बंपरवरून गॅसची ज्योतही झपकन फिरवतात, पृष्ठभागाचं ऑक्सिडेशन होऊन तेच काम होतं. गॅरेजात बर्नर घेऊन हे करायला जाऊ नका, अर्धा सेकंद जास्त झाला तर बंपर वाकडा.

सगळे लोकल पार्ट पीपीचे नसतात. एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या स्पॉयलरवर रंग सहज धरतो, फायबरच्या बॉडी किटला मेण नीट काढून साधा प्रायमर पुरतो. म्हणून आधी ठसा वाचा, मग डबा उघडा.

हल्ली यावर उपाय म्हणून रंगावर मारायचं सिरॅमिक कोटिंग विकतात, '९ एच, हिऱ्यासारखं कडक' म्हणून. ९ एच ही पेन्सिलच्या कडकपणाची पट्टी आहे, हिरा मोजतात ती मोहसची पट्टी वेगळी. आपल्याकडच्या धुळीतली वाळू म्हणजे क्वार्ट्झ, मोहसवर ७, ती या कोटिंगवर ओरखडे पाडते. आणि खालचा रंग सुटत असेल तर कोटिंगही त्याच्यासोबतच जातं. हे सांगून विकणारा मला अजून भेटलेला नाही, तुम्हीच विचारा.

आता फिटिंग, कारण ऊन खरं तिथं आडवं येतं. टाल्कवालं पॉलिप्रॉपिलीन दर अंशाला मीटरमागं साधारण ८० मायक्रॉन वाढतं, पोलाद १२. दीड मीटरचा बंपर, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली १५ अंशाची सकाळ आणि मेमधल्या उन्हात तापलेलं ६५ अंशाचं काळं प्लास्टिक, फरक ५० अंशांचा. बंपर ६ मिलिमीटर वाढतो, त्याच लांबीचा पत्रा १ मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणून कंपनीच्या ब्रॅकेटची भोकं गोल नसतात, लांबट असतात, बंपरला सरकायला जागा. लोकल बंपरची भोकं जुळत नाहीत म्हणून फिटर नवीन भोक पाडून स्क्रू करकचून आवळतो, मग उन्हात बंपर मधे फुगतो, कडा फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, घासते, आणि भोकाच्या कडेला रंगाला बारीक तडे जातात, पाणी तिथूनच आत शिरतं. त्यापेक्षा रंगवायच्या आधी कोरा बंपर गाडीला लावून बघा, भोकं तेव्हाच लांबट करून घ्या, क्लिपा नव्या घ्या. आणि थंडीत बसवत असाल तर फेंडरपाशी दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर गॅप मुद्दाम सोडायला सांगा, मेमध्ये तो बराचसा आपोआप भरतो.