घराचा जीव खांबाच्या पायात

सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. शेतं गेली, मिठागरं गेली, गावठाणं मात्र जागच्या जागी राहिली. दिवाळे, घणसोली किंवा इकडे ठाण्यात चेंदणी, बाळकुमच्या बोळांतून हिंडताना दोन इमारतींच्या बेचक्यात अजूनही एखादं कौलारू घर दिसतं. पुढे पडवी, पडवीला सागाचे खांब. एवढ्या पावसात हे टिकलं कसं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘जुना साग हो, आता तसं लाकूड कुठे मिळतंय!’

हे उत्तर अर्धंच खरं आहे. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात, त्यातलं टेक्टोक्विनोन वाळवीला मानवत नाही. शिवाय वाळताना साग फारसा आकसत नाही, म्हणून सांधे ढिले होत नाहीत. पण सततच्या ओलीपुढे सागही हरतो. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिलं, तर ते कुजवणारी बुरशी वाढूच शकत नाही. कार्ल्याच्या कातळात कोरलेल्या चैत्यगृहात छताला बसवलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. मावळातला पाऊस काही ठाण्यापेक्षा सौम्य नाही, पण तो त्या कमानींपर्यंत पोचत नाही. तेव्हा अशा घराचा विचार करायचा तो त्यात ओल कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, या अंगाने.

आधी सांगाडा पाहू. कौलांचं वजन रिपांवर म्हणजे आडव्या पट्ट्यांवर, रिपांचं वाशांवर, वाशांचं आढ्यावर म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या लाकडावर आणि तुळयांवर, तुळयांचं खांबांवर आणि खांबांचं जोत्यात, म्हणजे घराच्या चौथऱ्यात, बसवलेल्या दगडी तळखड्यांवर. या साखळीत भिंत येतच नाही. लग्नाच्या मांडवाला कनात असते तशी ती नुसता आडोसा करते. म्हणून ती कशाचीही चालते. पूर्वी डोंगरातून कारवी आणून तिचा कूड विणत आणि वर माती-शेणाचा गिलावा देत. येऊरच्या डोंगरात आठ वर्षांनी एकदा फुलते तीच ही कारवी. फुलून गेल्यावर ती मरते आणि तिचे सरळसोट, वाळलेले दांडे उरतात. अशी भिंत हलकी असते आणि मातीचा एक गुण कुणाच्या लक्षात येत नाही : तिला टेकलेल्या लाकडातली ओल ती शोषते आणि हवेत सोडून देते.

भिंत हलकी असण्याचं महत्त्व ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने फार क्रूरपणे दाखवून दिलं. तिथल्या घरांतही लाकडी खांब-तुळया होत्या, पण भोवती दगड-मातीच्या जाडजूड भिंती. बरीच माणसं त्या भिंतींखाली गेली. कित्येक ठिकाणी भिंत कोसळूनही लाकडी सांगाडा उभा राहिलेला दिसला. सांगाडा तगतो त्याचं कारण सांध्यात आहे. खांबाच्या डोक्यावर कोरलेलं कुसू तुळईच्या खाचेत बसतं, वरून पाचर मारलेली असते. हादरा बसला की लाकूड लाकडावर घासतं, जरा सरकतं आणि त्या घर्षणात हादऱ्याची ऊर्जा खर्ची पडते. खिळे जवळजवळ नसतातच, आणि खाडीच्या खाऱ्या हवेत ते बरंच आहे.

तुळई चपटी न ठेवता उभी का ठेवतात, हेही सुताराला पुस्तकाविना ठाऊक होतं. तुळईची उंची दुप्पट केली की ती चौपट भार पेलते आणि तेवढ्याच भाराखाली पूर्वीच्या आठवा हिस्साच वाकते.

आता खांबाचा पाय. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी. बाजूने पाणी हळू शिरतं, पण कापलेल्या टोकाकडून ते कित्येक पट वेगाने वर चढतं. खांब जमिनीत पुरला, की ते टोक थेट ओलीत. म्हणून तळखडा. चांगला घडवलेला काळा दगड पाणी फारसं वर चढू देत नाही, आणि वाळवीला खांबावर जायचं तर दगडावरून मातीची नळी बांधावी लागते, जी केर काढताना दिसते. जोतं उंच ठेवायचं, पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, इतकं पुढे काढायचं की पागोळ्या जोत्याच्या बाहेर पडाव्यात, पश्चिमेकडून झड येते तिथे झावळ्यांची झापं बांधायची. या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच, खांबाची खालची वीत कोरडी ठेवणं.

नेमकी तीच वीत आज धोक्यात आहे. बोळात काँक्रीटचे थरावर थर पडून रस्ता वर आला आणि जोतं खाली गेलं. मुसळधार पाऊस आणि भरतीची वेळ जुळली की पाणी ओटीवर. मग घरातली मंडळी करतात ते समजण्यासारखंच आहे : खांबाभोवती सिमेंटचा कट्टा, वर चकचकीत लाद्या. बाहेरून मजबुती दिसते, पण आत शिरलेली ओल सिमेंटमधून सहजी बाहेर पडत नाही. माझ्या मते महापुरापेक्षा हा कट्टा जास्त घरं खातो, कारण पाणी ओसरतं आणि कट्टा तिथेच राहतो.

तपासणी सोपी आहे. पावसाळा संपला की खांबाच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहावा. टोक पाव इंचही जात नसेल तर काळजी नाही. भसकन आत गेलं, तरी सगळा खांब टाकायची गरज नसते. तुळईला टेकू द्यायचा, कुजलेला भाग वरच्या निरोगी लाकडापर्यंत कापायचा आणि एखाद्या मोडलेल्या घरातलं वाळलेलं सागाचं लाकूड तिरक्या सांध्याने जोडायचं. तो तुकडा तळखड्यावरच टेकवावा. भोवती गिलावा करायचाच असेल तर चुन्याचा किंवा मातीचा, आणि तोही खांबापासून बोटभर सोडून.