सीएमपीकडून एम-वन गॅरंड घ्यायचीये? अर्ज कुठे अडतो आणि रायफल कशी बघायची

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये शूटिंगची आवड असणारे आता बरेच झालेत आणि त्यातले बरेचसे कधी ना कधी एम-वन गॅरंड या जुन्या लष्करी रायफलीच्या मागे लागतातच. सीएमपीकडे, म्हणजे सरकारकडच्या जुन्या रायफली विकणाऱ्या संस्थेकडे, अर्ज करतात, तो परत येतो, मग वैतागून कुठल्यातरी गन शोमधून जास्त पैसे देऊन भलतीच रायफल उचलून आणतात. हे होऊ नये म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितोय.

थोडक्यात पार्श्वभूमी. स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी शस्त्र कारखान्यातल्या जॉन गॅरंडने केलेली ही सेमी-ऑटोमॅटिक (दर वेळी ट्रिगर दाबला की एक गोळी झाडून पुढची स्वतःच भरणारी) रायफल, अमेरिकन सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धात स्प्रिंगफील्ड आणि विंचेस्टरने बनवली, कोरियाच्या वेळी इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि हॅरिंग्टन अँड रिचर्डसननेही. १९५७ ला उत्पादन बंद. म्हणजे जी हातात येईल ती कोणीतरी वापरलेली, दुरुस्त केलेली, बहुतेक वेळा दुसऱ्या देशाच्या सैन्यात जाऊन परत आलेली असणार. सरकारकडच्या या रायफली सामान्य नागरिकाला विकायचं काम सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम करतो, म्हणजे सीएमपी. मूळ योजना १९०३ ची, १९९६ पासून ही काँग्रेसच्या कायद्याने केलेली स्वतंत्र संस्था आहे. दुकानं दोन, अलाबामात ॲनिस्टनला आणि ओहायोत कॅम्प पेरीला, बाकी सगळं पोस्टाने किंवा ऑनलाइन.

आता पात्रता. तुम्ही अमेरिकन नागरिक पाहिजे. ग्रीन कार्ड चालत नाही, आणि लोक इथेच गोंधळतात, कारण साध्या डीलरकडून ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते. तिथे जमलं म्हणून इथेही जमेल असं धरून अर्ज करतात आणि दोन महिन्यांनी विचारतात काय झालं. एच-वन व्हिसावाल्यांनी तर वेळ घालवूच नये. पुरावा म्हणून अमेरिकन पासपोर्ट, अमेरिकेतला जन्मदाखला किंवा नॅचरलायझेशन सर्टिफिकेट. ड्रायव्हिंग लायसन्स हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, सीएमपीने हे स्वच्छ लिहून ठेवलंय तरी दर वेळी कोणीतरी तेच जोडतो. ओसीआय कार्डाचा इथे काहीही संबंध नाही, ते पाठवू नका.

आणि आपली खास अडचण म्हणजे नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, लायसन्सवर नुसतं इनिशियल, क्लबच्या कार्डावर ते पण नाही, बायकांच्या बाबतीत तर एका कागदावर माहेरचं आडनाव आणि दुसऱ्यावर सासरचं. तपासणारा माणूस हे चार कागद समोर ठेवतो आणि त्याला चार वेगळी माणसं दिसतात, त्यात त्याची फार चूक नाही. सगळ्यात सोपं म्हणजे पासपोर्टवर जसं नाव आहे अगदी तस्संच क्लबला द्यायचं आणि फॉर्मवर पण तेच लिहायचं. क्लबचं कार्ड नवीन असतं, ते दुरुस्त करून घेणं पासपोर्ट बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं.

क्लबवर येतो. सीएमपीशी संलग्न असलेल्याच क्लबचं सदस्यत्व लागतं. तुम्ही दर शनिवारी ज्या रेंजवर जाता तिची वार्षिक मेंबरशिप आहे म्हणून ती संलग्न असेलच असं नाही, सीएमपीच्या साइटवर राज्यानुसार यादी आहे ती बघा. जवळपास काही नसेल तर गॅरंड कलेक्टर्स असोसिएशनचं सदस्यत्व घ्या, घरबसल्या होतं आणि चालतं. कार्डाची मुदत मात्र बघा! लोक मागच्या वर्षीचं कार्ड जोडतात, मग एवढ्याशा गोष्टीवरून अख्खा अर्ज बाजूला पडतो.

तिसरा कागद सगळ्यात जास्त अडवतो, तो म्हणजे नेमबाजीत भाग घेतल्याचा पुरावा. नुसतं "मला येतं" याला अर्थ नाही. स्पर्धेचा निकालपत्रक, सैन्यातली किंवा पोलिसातली नोकरी, कन्सील्ड कॅरी (बंदूक लपवून जवळ बाळगायचा) परवाना, प्रत्यक्ष गोळीबार असलेला सेफ्टी कोर्स, यातलं काहीतरी लागतं. "प्रत्यक्ष गोळीबार" हे शब्द दोनदा वाचा, कारण हंटर सेफ्टीचे (शिकाऱ्यांसाठीच्या सुरक्षेचे) हल्लीचे कितीतरी कोर्स पूर्ण ऑनलाइन असतात, त्यात एक गोळीही झाडलेली नसते, आणि ते सर्टिफिकेट नाकारलं की माणूस हताश होतो. तुमच्याकडे काहीच नसेल तर सीएमपीचाच मार्क्समनशिपचा फॉर्म आहे, रेंजवरच्या अधिकृत माणसासमोर सुरक्षेचं प्रशिक्षण आणि नेमबाजी करायची आणि त्याची सही घ्यायची, एका सकाळचं काम आहे. वय साठच्या वर असेल तर हा तिसरा पुरावा माफ आहे, पण नागरिकत्व आणि क्लब कोणालाच माफ नाही. हे काका मंडळींना आधी कोणी सांगत नाही.

बाकी फॉर्म भरणं, पैसे, फेडरल बॅकग्राउंड चेक हे नेहमीचं. चेक झाला की बहुतेक राज्यांत रायफल थेट घरी येते. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये नाही, तिथे परवानाधारक डीलरकडेच जाते, म्हणून डीलर आधी ठरवून ठेवा. न्यू जर्सीत तर आधी पोलिसांकडून फायरआर्म्स आयडी कार्ड काढावं लागतं आणि त्याला किती दिवस लागतील हे तुमच्या गावच्या पोलीस स्टेशनवर आहे, म्हणून हे सगळ्यात पहिलं करा. एक सावधान करतो, न्यू जर्सीच्या बंदीच्या यादीत एम-वन कार्बाइनचं नाव घालून बंदी आहे. कार्बाइन आणि गॅरंड या दोन वेगळ्या रायफली आहेत, एम-वन एवढंच वाचून कोणाकडून तरी कार्बाइन घेऊन बसू नका. आणि भारतात घरी न्यायचा विचार असेल तर सोडून द्या, अशी लष्करी सेमी-ऑटोमॅटिक तिथे सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही.

आता रायफल बघायची कशी. सीएमपीच्या रायफलींच्या प्रती, म्हणजे ग्रेड, असतात: रॅक, फील्ड, सर्व्हिस आणि एक्स्पर्ट. एक्स्पर्ट म्हणजे जुन्या रिसीव्हरवर (रायफलचा मधला मुख्य धातूचा भाग, ज्यात बोल्ट सरकतो) नवी नळी आणि नवा अक्रोडाचा दस्ता, नेमबाजीला उत्तम, पण इतिहास हवा असेल त्याच्यासाठी नाही. इतर प्रतींत लोक दस्त्याच्या रंगावरून आणि ओरखड्यांवरून ठरवतात, ते चुकतं, लाकडावरचे डाग तेलाने बरेच जातात, झिजलेली नळी कशानेच सुधारत नाही. नळी दोन्ही टोकांना झिजते. काडतुसाच्या बाजूला, म्हणजे थ्रोटला, गोळ्या झाडून झिजते, ते थ्रोट गेजने मोजतात. पुढे नळीच्या तोंडाशी मात्र बहुतेक वेळा साफसफाईने झिजते, कारण गॅरंडची नळी मागून साफ करता येत नाही, सळई पुढूनच घालावी लागते, आणि सैनिकाने वर्षानुवर्षं ती घासलेली असते. सर्व्हिस ग्रेडला सीएमपीचा नियम तोंडाशी ३ किंवा कमी आणि थ्रोटला ५ पेक्षा कमी असा आहे. आकडा जितका लहान तितकी नळी चांगली. खाजगी विक्रेत्याकडे हे आकडे मागा. काडतूस उलटं धरून नळीच्या तोंडात घालून दाखवणारे भेटतील, ते मोजमाप नाही, आणि जिवंत काडतूस तर तिथे कोणी आणूच नये.

बोल्ट मागे ओढून लॉक केला की उजव्या बाजूला नळीवर बहुतेक वेळा महिना आणि वर्ष दिसतं. ते रिसीव्हरच्या नंबरावरून निघणाऱ्या वर्षाशी जुळत नसेल तर घाबरू नका. आर्सेनलमध्ये (सैन्याच्या शस्त्रागारात) दुरुस्ती करताना सुट्टे भाग मिसळले जायचेच, सगळं मूळचं असलेली रायफल दुर्मिळ असते आणि तिच्या नावाखाली फसवणूक पण चालते. ट्रिगर गार्ड बंद करताना जोर लागला पाहिजे, सैल पडला तर दस्ता थकलेला आहे. स्प्रिंग काढून रायफल पुढेमागे झुकवली की ऑपरेटिंग रॉड (गोळी झाडल्यावर बोल्ट मागे ढकलणारी सळई) स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे, अडखळला तर काहीतरी घासतंय किंवा रॉड वाकलाय.

बाहेरून घेताना सगळ्यात मोठी भीती जोडलेल्या रिसीव्हरची. सैन्याने भंगारात काढताना रिसीव्हर कापले, नंतर काही जणांनी दोन तुकडे वेल्ड करून विकले. रिसीव्हरच्या बाजूला शिवण, रंगातला फरक, घासून गुळगुळीत केलेली जागा दिसली तर किंमत कितीही कमी असू दे, घेऊ नका, हा तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावरचा भाग आहे. शंका आली तर गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) दाखवा, हेडस्पेसही (चेंबरमध्ये काडतुसाला बोल्टपर्यंत मिळणारी जागा) तिथेच तपासून घ्या.

रायफल आली की काडतुसं. थर्टी-ऑट-सिक्स (.30-06, गॅरंडच्या काडतुसाचं माप) असं लिहिलेलं प्रत्येक पाकीट हिला चालत नाही. सीएमपीचा सल्ला आहे की ५०,००० सीयूपीपेक्षा (काडतुसाचा दाब मोजायचं एकक) जास्त दाबाची काडतुसं आणि साधारण १७४ ग्रेनपेक्षा (गोळीच्या वजनाचं एकक) जड गोळी वापरू नये, आजची शिकारीची काडतुसं सहज त्याच्या वर जातात आणि ऑपरेटिंग रॉड वाकतो. दुकानदार म्हणेल कुठलंही चालतं, तुम्ही एम-वन गॅरंडसाठी असं छापलेलं पाकीटच मागा.