ब्लीचिंगनंतरचे दोन आठवडे

निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात मिश्रीने काळवंडलेले दात काही नवे नाहीत. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही पूड बायका पिढ्यान्‌पिढ्या दातांना लावत आल्या. आता त्यांच्याच नाती बेळगावच्या दवाखान्यात ‘ब्लीचिंग करा’, म्हणजे दात पांढरे करून द्या, म्हणून येतात. मिश्रीचा किंवा चहाचा डाग मात्र वरवरचा असतो, तो क्लीनिंग-पॉलिशने निघतो. ब्लीचिंगमध्ये पेरॉक्साइड हे रसायन इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातून, खालच्या डेंटिनपर्यंत झिरपून आतला रंगच तोडते.

घरी रात्री दातांवर ट्रे घालून त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल वापरायची पद्धत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ब्लीचिंग सर्वदूर गेले. दाताला फिलिंग चिकटवण्याचे तंत्र त्याहून जुने, १९५५ चे: फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरबरीत करायचे, त्या सूक्ष्म खाचांत रेझिन, म्हणजे पातळ असताना लावून घट्ट करायचा प्लास्टिकसारखा पदार्थ, मुरवायचे.

ब्लीच केलेल्या दातावर हे रेझिन नीट धरत नाही, हे १९८० च्या दशकाअखेरीस प्रयोगशाळेत दिसले. संशय आधी इनॅमलवर गेला. पण वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा थर सौम्य जेलने फारसा बिघडत नाही, जे थोडे खनिज जाते ते लाळ बरेचसे भरून काढते. तीव्र किंवा आम्लधर्मी जेलची गोष्ट वेगळी. पकड मुख्यतः बिघडवतो तो पेरॉक्साइडमधून सुटून दातात अडकून राहिलेला ऑक्सिजन. त्याच्यामुळे रेझिन पुरते घट्ट होत नाही, खाचांत उतरणारे त्याचे धागे आखूड आणि विरळ राहतात.

ऑक्सिजन निघून गेला की पकड परत येते. किती दिवसांत, यावर एक ते तीन आठवडे अशी मते आहेत, रूढ झाले दोन. थांबायचे नसेल तर १० टक्के सोडियम ॲस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्वाचा क्षार, लावून ऑक्सिजन निकामी करण्याची वाट अलीकडची. तिचा आधार बहुतांशी काढलेल्या दातांवरच्या, पुष्कळदा गाईबैलांच्या दातांवरच्या प्रयोगांचा. तुळशीचे लग्न उरकले की हळदीच्या आठवडाभर आधी तुटक्या दाताची दुरुस्ती आणि ब्लीचिंग एकदमच मागणाऱ्यांना हा उपाय सोयीचा वाटतो खरा. पण ॲस्कॉर्बेटने पकड सुधारली तरी रंगाचे काय? ब्लीच केलेल्या दाताचा रंग स्थिरावायला तितकेच दिवस लागतात. घाईने जुळवलेली फिलिंगची शेड मग वेगळी दिसते, आणि कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे हे रेझिनचे फिलिंग, काही ब्लीच होत नाही. पुढच्या दातांतले जुने फिलिंगही पिवळेच राहते, तेही बदलावे लागते.