फिरत्या बुरुजाची खरी गोम: बुडाचं कडं

रणगाड्याचं किंवा युद्धनौकेचं टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, बघताना नजर तोफेवर जाते. अभियंत्यांचं डोकं मात्र दीडशेहून अधिक वर्षं खाल्लं ते बुरूज आणि धड यांच्या सांध्याने. सगळा भार तिथेच पेलायचा, फिरायचंही तिथेच, आणि पाणी किंवा गोळ्याचे तुकडे आत शिरू द्यायचे नाहीत.

अमेरिकी यादवी युद्धात ९ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्सला लढलेल्या 'मॉनिटर' या युद्धनौकेवर तिचा अभियंता जॉन एरिक्सनने बसवलेला बुरूज आतून २० फूट व्यासाचा आणि ९ फूट उंच होता. भिंतीला एकेक इंची लोखंडी पत्र्यांचे ८ थर, आत ११ इंची दोन डालग्रेन तोफा. शंभर टनांहून जड असलेलं हे धूड एरवी डेकमधल्या पितळी कड्यावर नुसतं बसून असे. फिरवायचं झालं की मधल्या उभ्या दांड्याखाली पाचर ठोकून ते किंचित उचलायचं, मग वाफेची छोटी यंत्रं दातेरी चाकांमार्फत त्याला गती देत. चाचणीत पूर्ण फेरी २२.५ सेकंदांत झाली. अडलं ते थांबवण्यात. एकदा वेग घेतला की बुरूज नेमक्या जागी रोखता येईना; शेवटी फिरता फिरता लक्ष्य समोर आलं की बार उडवायचा. दिशेसाठी खालच्या स्थिर डेकवर खडूने केलेल्या खुणा लवकरच पुसल्या गेल्या, आणि आतल्यांना जहाजाची नाळ कोणत्या बाजूला तेच समजेना. शिवाय पहिल्याच सफरीत कड्याखालून पाणी शिरलं होतं. एरिक्सनचा भरवसा धातूवर धातू घट्ट बसण्यावर होता. गोदीतल्यांनी उलट बुरूज उचलून फटीत तागाचा दोर ठासला आणि लाटांनी तो धुऊन नेला.

इंग्लंडचा नौदल अधिकारी कूपर कोल्स याने वेगळी वाट धरली: बुरूज डेकमधून खाली उतरवायचा आणि वजन परिघावरच्या रोलरांवर टाकायचं. कल्पना चोख होती. पण त्याच्याच 'कॅप्टन' जहाजावर उंच डोलकाठ्या आणि पाण्यालगतचा डेक एकत्र आले. सप्टेंबर १८७० मध्ये ते उलटलं आणि कोल्ससह सुमारे ४८० जण बुडाले.

ब्रिटिश जहाजरचनाकार एडवर्ड रीडने शिडं टाळली आणि डेकच्या मध्यभागी चिलखती कठडा उभारून दोन्ही बुरुजांची बुडं लाटांच्या वर नेली. या घडणीची 'मॅग्डाला' आणि 'अ‍ॅबिसिनिया' ही जहाजं मुंबई बंदराच्या रक्षणासाठीच बांधली होती. नावं १८६८ च्या अ‍ॅबिसिनिया मोहिमेवरून पडली. ती मोहीमही मुंबईतूनच निघाली होती. प्रत्येकावर दोन बुरूज आणि तोंडातून ठासायच्या १० इंची चार तोफा. १८९० च्या दशकात 'मॅग्डाला'वर मागून भरायच्या ८ इंची तोफा आल्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही जहाजं विकली गेली.

जमिनीवर १९१७ च्या रेनो एफटी या फ्रेंच रणगाड्याचं टरेट इतकं हलकं होतं की कमांडर ते अंगच्या जोरानेच फिरवी. बुरूज जड झाले तसं दोन कड्यांमध्ये पोलादी गोळ्या, आतून दाते आणि त्यांत अडकलेलं मोटरीचं छोटं चाक ही रचना रुळली. इथे कड्याचा व्यास सगळं ठरवतो. बार झाल्यावर तोफेचा मागचा भाग आत सरकतो, त्याला आणि गोळा भरणाऱ्याला जागा लागते. सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचं कडं १४२० मिलिमीटर होतं. ८५ मिलिमीटरची तोफ घेताना ते १६०० करावं लागलं. अमेरिकी शेरमन रणगाड्याचं ६९ इंची कडं आधीपासूनच ऐसपैस, म्हणून ब्रिटिशांची १७ पौंडी तोफ त्यात कशीबशी मावली, तीही रेडिओ टरेटच्या मागे जोडलेल्या पेटीत हलवल्यावर.

उतारावर पुढून जड टरेट चढाच्या दिशेने फिरवताना मोटर धापा टाकते. अशा मागच्या पेटीचं वजन तोल सावरायलाही कामी येतं. जर्मन टायगर रणगाड्यात टरेट फिरवण्याची ताकद इंजिनाकडून येई, त्यामुळे इंजिन बंद असलं की हाताचं चाक घुमवत बसायचं. आणि फटीत एखादा पोलादी तुकडा रुतला तर टरेट जागीच अडकतं. म्हणून १९४४ मध्ये टायगरच्या कड्याभोवती संरक्षक पोलादी पट्टी आली. इस्रायलच्या मेरकावा रणगाड्याच्या टरेटखाली मागे गोळे लावलेल्या साखळ्या लोंबतात, त्या रॉकेटचा स्फोट कड्यापर्यंत पोचण्याआधीच व्हावा म्हणून.