पार्श्वभूमी : माणसाची जोडी आणि धारवाडचे वानर

माणूस जोडीने का राहू लागला, या प्रश्नाला आज जी उत्तरे दिली जातात त्यांतल्या सर्वांत वादग्रस्त उत्तराची सुरुवात धारवाडच्या आसपासच्या रानात झाली. १९६१ ते १९६३ या काळात एक जपानी संशोधक तिथल्या वानरांच्या टोळ्यांमागे हिंडत होता. १९६२ मध्ये त्याच्यादेखत बाहेरच्या नरांनी एका टोळीवर चाल केली, तिथल्या हुप्प्याला हुसकावले आणि त्यांच्यातल्या एकाने टोळी ताब्यात घेतली. त्यानंतर माद्यांच्या अंगावर पिणारी पिल्ले नव्या नराच्या चाव्यांनी मेली. पिल्लू गेलेल्या माद्या लवकरच माजावर आल्या. प्राणी जे करतात ते जातीच्या भल्यासाठी, असे तेव्हा सर्रास मानले जाई. त्या चौकटीत ही घटना बसत नव्हती.

१९७१ पासून अबूच्या डोंगरावर एका अमेरिकन विद्यार्थिनीने याच वानरांचे निरीक्षण सुरू केले आणि काही वर्षांत त्यामागचा हिशेब मांडला. हुप्प्याची सद्दी सरासरी दोन-सव्वादोन वर्षांची असते. पिल्लू दूध पीत असेतो मादी सहसा माजावर येत नाही. नवा नर ते दूध सुटायची वाट पाहत बसला, तर त्याची स्वतःची पिल्ले मोठी होण्याआधीच तिसरा कोणी टोळी बळकावतो. परक्याचे पिल्लू मारणाऱ्या नराचा वंश वाढतो, न मारणाऱ्याचा खुंटतो.

यावर वीस-पंचवीस वर्षे भांडण चालले. विरोधकांचे म्हणणे असे की अबू आणि जोधपूरचे वानर माणसांच्या सान्निध्यात, लोकांनी घातलेल्या खाण्यावर, दाटीवाटीने राहतात. ही त्या दाटीतून आलेली विकृती आहे, उत्क्रांतीने घडवलेले वर्तन नव्हे. शिवाय प्रत्यक्ष पाहिलेल्या हत्या थोड्या आणि त्यांतल्या बऱ्याच एकट्या जोधपूरच्या. आक्षेप घेतला गेला तेव्हा तो रास्त होता. १९९९ मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या जंगलातून उत्तर आले. तिथले वानर माणसांच्या आधाराने जगणारे नव्हते. विष्ठेतून काढलेल्या डीएनएवरून दिसले की पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. विकृतीचा मुद्दा त्यानंतर फारसा टिकला नाही.

अबूच्या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग मात्र पुढच्या चर्चेत सतत मागे पडत आला आहे, आणि माझ्या मते माणसाच्या संदर्भात तोच अधिक महत्त्वाचा आहे. तिथल्या माद्या मुकाट्याने सोसत नव्हत्या. त्या गाभण असतानाही नव्या नराशी संग करत, टोळीबाहेरच्या नरांकडेही जात. बाप नेमका कोण हे कोणालाच पक्के कळले नाही, तर पिल्लावर हात टाकायला प्रत्येक नर कचरेल. मादीच्या बहुगामी कामवासनेला इथे प्रथमच स्वतःचे कारण मिळाले. तोपर्यंतचे विवेचन १९४८ च्या फळमाश्यांवरील एका प्रयोगावर उभे होते : नराला जोड्या वाढवून फायदा, मादीला नाही. २०१२ मध्ये तोच प्रयोग मूळ पद्धतीने पुन्हा केला, तेव्हा पद्धतीतच दोष निघाला. आईबापांची ओळख पटवण्यासाठी निवडलेल्या उत्परिवर्तनांमुळे संतती आधीच मरत होती आणि मोजणी त्यामुळे चुकत होती.

स्त्रीचा बीजांड सुटण्याचा काळ बाहेरून दिसत नाही, याचाही संबंध इथेच येतो. जुनी कल्पना अशी की नराला घरी बांधून ठेवण्यासाठी हे लपले. १९९३ मध्ये वानरवर्गीय प्राण्यांच्या (माकडे, वानर, गोरिला, माणूस वगैरे) वंशवृक्षावर हा गुण मांडून पाहिला, तेव्हा क्रम बहुतांशी उलटा निघाला. आधी मादी अनेक नरांशी संग करत असताना हा काळ लपला आणि जोडी त्यानंतर आली.

मग जुलै २०१३ चा शेवट. एकाच आठवड्यात दोन शोधनिबंध आले. पहिल्याने वानरवर्गातल्या २३० जाती घेतल्या आणि सांगितले की जोडीने राहण्याच्या आधी येणारी गोष्ट एकच, पिल्लांची हत्या. बाप पहारा देतो म्हणून पिल्लू जगते. दुसऱ्याने सस्तन प्राण्यांच्या सुमारे २,५०० जाती घेतल्या आणि हत्येशी काही संबंध नसल्याचे सांगितले. माद्या एकमेकींपासून दूर, आपापल्या हद्दीत राहू लागल्या की एका नराला दोघींवर लक्ष ठेवता येत नाही, म्हणून तो एकीपाशी राहतो. बातम्यांमध्ये मात्र ‘एकनिष्ठेचे रहस्य उलगडले’ एवढेच आले, तेही दोनदा, परस्परविरुद्ध.

फरक आला तो बऱ्याच अंशी तक्ता भरण्यातून. पुढच्या वर्षी दुसऱ्या चमूने पहिल्यावर घेतलेल्या आक्षेपाचा रोखही जातींच्या वर्गीकरणावरच होता. प्रत्येक जातीपुढे ‘जोडी’, ‘एक नर अनेक माद्या’ किंवा ‘अनेक नर अनेक माद्या’ यांपैकी एक नोंद करावी लागते. टॅमरिन या छोट्या अमेरिकी माकडांचे काय करायचे? कुठे जोडी दिसते, कुठे एका मादीबरोबर दोन नर पिल्ले वागवतात. आपल्या वानरांचेच घ्या : कुठे एका हुप्प्याच्या टोळ्या, कुठे अनेक नरांच्या. आग्नेय आशियातला गिबन हा बिनशेपटीचा कपी कित्येक दशके जोडीचा आदर्श मानला गेला. नव्वदच्या दशकात थायलंडमधल्या खाओ याईच्या जंगलात तेही जोडीबाहेर संग करताना दिसले. सस्तन प्राण्यांत जोडीने राहणाऱ्या जाती दहा टक्क्यांहून कमी आहेत. त्यामुळे पाच-सात जातींची नोंद इकडची तिकडे झाली, तरी वंशवृक्षावरचा क्रम बदलू शकतो.

माणसापुढे काय लिहायचे, हे तर सर्वांत अवघड. ‘एथनोग्राफिक ॲटलस’ या मानववंशशास्त्रीय तक्त्यांतल्या १,२३१ समाजांपैकी केवळ १८६ मध्ये एकपत्नीत्वाचा नियम आहे. बहुपतित्व चार समाजांत, उरलेल्यांत कमीअधिक बहुपत्नीत्व. पण बहुपत्नीत्वाला मुभा असलेल्या समाजांतही बहुतेक पुरुषांना एकच बायको असते. नियम नोंदवायचा की प्रत्यक्ष आचार? मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करण्यास कायद्याने बंदी आली ती १९४६ मध्ये आणि देशभर १९५५ मध्ये. पहिल्या तारखेच्या आधी तक्त्यात मराठी माणूस एका रकान्यात पडला असता आणि नंतर दुसऱ्यात, शरीर तेच. मला हा या सगळ्या पद्धतीवरचा सर्वांत मोठा आक्षेप वाटतो.

शरीराची साक्षही मध्येच कुठेतरी पडते. गोरिलाचा नर मादीच्या जवळपास दुप्पट वजनाचा असतो, गिबनचे नर-मादी सारखे. माणसात फरक आहे, पण थोडा. चिंपांझीचे वृषण माणसाच्या मानाने कितीतरी मोठे, कारण तिथे अनेक नरांच्या वीर्याची स्पर्धा असते. इथिओपियात सापडलेल्या ४४ लाख वर्षांपूर्वीच्या अवशेषांत नरांचे सुळे आधीच लहान झालेले दिसतात, म्हणजे नरांमधली झुंज तेव्हाच उतरणीला लागली असावी. तिथून थेट, १९८१ मध्येच मांडलेल्या ‘नर अन्न आणी, मादी घर सांभाळी’ या चित्राकडे घेतलेली उडी मात्र लांबची होती. आणि इतर जोडीवाल्या वानरवर्गीय प्राण्यांत सहसा न दिसणारी गोष्ट अशी की माणसाच्या जोड्या एकएकट्या नसतात, मोठ्या समूहाच्या आत असतात. २०१३ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणातल्या दूर-दूर राहणाऱ्या माद्या त्यामुळे माणसाला लागू करणे कठीण.

अलीकडचे आकडे पितृत्वाच्या चाचण्यांतून आले आहेत. बेल्जियममध्ये वंशावळी आणि बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र ताडून पाहता गेल्या काही शतकांत कागदावरचा बाप खरा नसण्याचे प्रमाण पिढीमागे एक टक्क्याच्या आसपास निघाले. एकोणिसाव्या शतकातल्या दाट वस्तीच्या शहरांतील गरीब थरांत ते सुमारे सहा टक्क्यांपर्यंत गेलेले दिसते. उत्तर नामिबियातल्या हिंबा समाजात २०२० मध्ये हेच प्रमाण ४८ टक्के आढळले. तिथे विवाहबाह्य संबंधांना समाजाची मान्यता आहे, आणि कोणते मूल कोणाचे हे आईवडिलांनी चाचणीआधीच पुष्कळदा बरोबर सांगितले होते. ती मुले तरीही नवऱ्याचीच मुले म्हणून वाढतात.