क्रेनचा बूम आपोआप आत सरकला म्हणजे सील गेलंच?

समज असा: ताणून ठेवलेला टेलिस्कोपिक बूम (क्रेनचा एकात एक सरकणारा लांब हात) तासाभरात थोडा आत आला, की त्याला बाहेर ढकलून धरणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचं सील, म्हणजे तेल अडवणारी रिंग, गेलं. शंका रास्त आहे, पण प्रत्येक वेळी तसं नसतं.

काम करून हायड्रॉलिक तेल तापतं, निवताना आकसतं. दर अंशाला साधारण ०.०७ टक्के. सिलिंडरमध्ये १० मीटर लांबीचा तेलाचा स्तंभ असेल आणि तो २० अंशांनी थंड झाला, तर बूम जवळपास १४ सेंटिमीटर आत येतो. थेंबभरही गळती नसताना!

तपासायचं कसं? हुक रिकामा, बूमखाली कुणी नाही. सेक्शनच्या (बूमच्या सरकणाऱ्या टप्प्याच्या) कडेशी खडूची रेघ मारा, वेळ आणि सिलिंडरचं तापमान लिहा. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. सरकणं मंदावत गेलं आणि तेल निवल्यावर थांबलं, तर ते आकसणंच. तेल थंड असूनही बूम सरकतच राहिला, तर मात्र होल्डिंग व्हॉल्व्ह (सिलिंडरमधलं तेल अडवून धरणारी झडप) किंवा पिस्टन सील मेकॅनिककडून तपासून घ्या.

कधी बूम बराच वेळ अडून एकदम ‘खट्’ करून सरकतो. तिथे आधी वेअर पॅडचं (सेक्शन ज्यांवर घासत सरकतात त्या पट्ट्यांचं) ग्रीस बघावं.